आमच्या घरची टोपी

"मजा आहे बुवा तुमची," असं लोक मला म्हणतात. बसल्या जागी उंची सिगार, तोही फुकट, आणि वर पगार! आता त्यांना काय सांगणार? शुक्रवारी सकाळपासून तिखट नाही, तेलकट नाही, वासाचा साबणसुद्धा नाही. मिनिटाला एकच झुरका. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि थोडासा नाकावाटे सोडायचा. दोन सिगारच्या मध्ये कोमट पाणी आणि कोरड्या पावाचा तुकडा. गेली तेवीस वर्षं मी ही मजा मारतोय.

परीक्षणाच्या खोलीत आम्ही तिघे बसतो. मी, मास्तर आणि मुका. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे, त्यामुळे त्यांना प्रत्येक धुरात चामडं, अक्रोड, मिरी, ओली माती असं सगळं सापडतं. मुका काही मुका नाही, फक्त आठवड्याला चार वाक्यं बोलतो. आमच्या वर मोठ्या बाई. वळणाऱ्यांच्या गठ्ठ्यांतून खास पेटीचे सिगार त्या स्वतः उचलतात, नाव काढून नंबर लावतात आणि प्रत्येक नंबरचे तीन नग तिघांपुढे ठेवतात. कोणाचा हात आहे हे आम्हाला कळायला नको, म्हणून. गुण वीसपैकी. तिघांची सरासरी बाराच्या खाली गेली की बाई त्या माणसाला समोर बसवून वळायला लावतात. हात बिघडलाय असं दिसलं की खास पेटीचं टेबल सुटलं, आणि मग खालच्या खोलीत पानं निवडत बसायचं.

त्या शुक्रवारी माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. नव्या शर्टाची काजं इतकी घट्ट, की वरची दोन बटणं शेवटी बायकोने लावून दिली आणि टोमणाही मारला. गळ्याचं मी रागाने उघडंच ठेवलं. खोलीत आलो तर काड्या मोडायला लागल्या. तिसरी मोडली तेव्हा मी काडेपेटीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मास्तरांनी मला पेटवून दिलं.

पहिले सहा नंबर ठीकठाक गेले. सातवा हातात घेतला आणि मी मनातल्या मनात हसलो. सिगारच्या तोंडाला पानाचा जो छोटा तुकडा गुंडाळून चिकटवतात त्याला आम्ही टोपी म्हणतो. सगळ्या जगाची टोपी उजवीकडे संपते, या नगाची डावीकडे संपत होती. अशी टोपी फक्त आमचे बाबा घालायचे, आणि त्यांनी ती दोघांनाच शिकवली. मला आणि माझ्या ताईला. ताई इथेच, खास पेटीच्या टेबलावर वळते. दुपारी मीही टेबलावर बसतो, हात गंजू नये म्हणून थोडे नग वळतो. पण स्वतःचा माल स्वतः चाखायचा नाही, हा नियम आहे. म्हणजे हा नग ताईचाच. ताईचा नग आला की मला बरं वाटतं, आणि मी मुद्दाम एक गुण कमी देतो. पक्षपात केला असं कोणी म्हणायला नको.

पहिले आठ-दहा झुरके सुरेख होते. धूर गार, दाट, शेवटी किंचित गोड. राखही पांढरी, घट्ट. मग ती राख तिरकी व्हायला लागली. उजवी बाजू पुढे पळत होती, डावी मागे राहत होती. मी सिगार फिरवला. असं कधीकधी होतं, वाऱ्याने होतं, ओलीने होतं. पुन्हा उजवी बाजू पळाली. मी बोटांनी हळूच दाबून पाहिलं. उजवीकडे आतून पोकळ होता, आणि फक्त एकाच जागी, जिथे वळताना उजव्या हाताचा अंगठा दाबावा लागतो तिथे.

मी त्याच जागी पुन्हा दाबून पाहिलं.

ही पोकळी मी आधी पाहिली होती. मी नवखा असताना इथल्या म्हाताऱ्या परीक्षकाने मला या खोलीत बोलावून एक अर्धवट जळलेला सिगार दाखवला होता. "बघ," तो म्हणाला होता, "तुझ्या वडिलांचा अंगठा चाललाय." मला राग आला होता. बाबांच्या हाताला नावं ठेवायची म्हणजे काय? सहा महिन्यांनी बाबांच्या हातून चमचा पडायला लागला. मग चालताना पाय अडकायला लागला, मग जीभ. शेवटची चार वर्षं ते खाटेवर होते आणि ताई त्यांना भरवत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आजार घरात उतरतो. एखाद्याला धरतो, एखाद्याला सोडतो. त्या दिवसापासून आम्ही दोघा भावंडांनी हा विषय कधी काढला नाही.

आणि आता तो विषय माझ्या बोटांत जळत होता.

ताईला नवरा नाही, मूल नाही. आहे ते एक टेबल, एक अर्धगोल सुरी आणि ते दोन हात, ज्यांचा तिला राणीसारखा तोरा आहे. तिला बाईंसमोर बसवणार. सगळ्यांदेखत तिचा अंगठा घसरणार. आणि तिला कळणार, की पुढे काय आहे. ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, बाबांना भरवलं होतं तिने. माझ्या कपाळावर घाम आला. मास्तरांनी विचारलं, "काय हो, कडक लागला का?" मी मान हलवली.

तिरक्या नजरेने मी दोघांचे कागद पाहिले. तेवीस वर्षांत हे पाप मी कधी केलं नव्हतं. मास्तरांनी दहा दिले होते. मुक्याने नऊ दिले आणि आपल्या चार वाक्यांपैकी एक खर्च केलं, "पोकळ आहे." मी हिशेब केला. सतरा दिले तर सरासरी बारा भरते. खात्री असावी म्हणून मी अठरा लिहिले. अक्षर वेडंवाकडं आलं. भीतीने आलं असेल असं मला वाटलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर मोठ्या बाईंनी मला बोलावलं. टेबलावर माझा कागद होता.

"सात नंबरला अठरा?"

"मला आवडला."

"तुमचं नाक इथे सगळ्यांच्या वर आहे. तुम्हाला ती पोकळी कळली नाही, हे मी मानायला तयार नाही." त्यांनी कागद उलटा केला. "वर्षातून एकदा मी परीक्षकांचाही नग ताटात घालते. कोणाला सांगत नाही. बुधवारी तुमच्या गठ्ठ्यातून तीन घेतले होते. सात नंबर तुमचाच होता."

पहिल्यांदा मला काय झालं सांगू? आनंद झाला. ताईचा हात शाबूत आहे, ताई बरी आहे, एवढंच डोक्यात आलं. मी चक्क हसलो. बाईंना वाटलं असेल, काय कोडगा माणूस आहे! मग माझी नजर माझ्या उजव्या हाताकडे गेली. तो टेबलाच्या कडेवर पडला होता आणि अंगठा आत वळला होता. बाबांचा वळायचा तसाच.

"स्वतःच्याच मालाला अठरा दिलेत," बाई म्हणाल्या. त्यांना राग नव्हता आला, वाईट वाटलं होतं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. पुढच्या शुक्रवारपासून परीक्षणाला बसू नका."

तो मला ताईचा वाटला होता, असं सांगता आलं असतं. पण मग बाई तिच्याकडेही संशयाने पाहायला लागल्या असत्या. मी उठलो. पाय लटपटत होते, आणि ते भीतीने लटपटतायत की दुसऱ्या कशाने, हे मला कळेना. तेवढासा जिना मी कठडा धरून उतरलो.

ताई तिच्या टेबलावर पान पसरत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि शक्य तितक्या हळू आवाजात सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही.

"बुधवारचे घेतले होय," ती म्हणाली. "बुधवारी मी चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. तेवढा एकच दिवस नव्हते."

"म्हणजे?"

"तू रोज संध्याकाळी परीक्षणाची खोली आवरायला वर जातोस ना, तेव्हा तुझा गठ्ठा सोडून बघत होते. सैल असतील ते काढायचे आणि माझे घालायचे. टोपी सारखीच, कोणाला कळणार?"

"कधीपासून?"

"तीन महिने झाले." तिने पुन्हा पानाकडे पाहिलं. "आधी दोन-तीन असायचे. आता दहा-बारा असतात."

"मला का नाही सांगितलंस, ताई?"

"काय सांगू? तुला तर काजं घट्ट लागत होती, काड्या वाईट लागत होत्या. म्हटलं, जेवढे दिवस काड्यांवर राग निघतोय तेवढे निघू दे." तिचा आवाज फाटला. "मी एकटीच घाबरत होते रे."

मग तिने हात पुसले, उभी राहिली, आणि माझ्या गळ्याचं उघडं बटण एका हाताने लावून दिलं.