टाळी वाजली की कापायचं

त्या कादंबरीचा नायक अब्जाधीश होता आणि कामावर कधीच जात नव्हता. माझा आक्षेप एवढाच होता. सकाळी तो नायिकेच्या फुलांच्या दुकानात, दुपारी नायिकेच्या फुलांच्या दुकानात, संध्याकाळी दुकान बंद म्हणून दुकानाबाहेर. मग कंपनी कोण चालवतं? निदान हिशेबनीसाचा एखादा फोन तरी यावा माणसाला! नायिका दर पानावर खालचा ओठ चावते. शेवटी तिला टाके पडायला हवे होते, पण लग्न होतं.

हे सगळं मी मनात ठेवायला हवं होतं. माझं काम कादंबऱ्यांवर मत देण्याचं नाही, त्या मोठ्याने वाचण्याचं आहे. लोक भांडी घासताना किंवा झोप येत नसताना कानात जी बोलती पुस्तकं ऐकतात, त्यांतला आवाज माझा. आणि मी मतं मनातच ठेवत होतो, आईशप्पथ. पण मॅडम म्हणाल्या की ती आवाजातून गळतात.

"'त्याच्या डोळ्यांत समुद्र होता' हे तू कसं वाचलंस, ऐक जरा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी ते मला ऐकवलं.

"सरळच वाचलंय, मॅडम."

"सरळ? त्याला ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, असं वाटतंय! श्रोत्यांची तक्रार आली आहे. म्हणतात, वाचणाऱ्याला पुस्तक आवडलेलं दिसत नाही, त्याला जरा आराम द्या."

मॅडम आमच्या स्टुडिओच्या मालकीण. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, आणि मी. बाहेरच्या खोलीत काचेपलीकडे माझी सख्खी मोठी बहीण, जी एडिटिंग करते आणि जिच्या वशिल्याने मी इथे चिकटलो. भिंतीच्या पलीकडे दातांचा दवाखाना. तिथलं यंत्र सुरू झालं की आम्ही थांबतो. त्यामुळे जगातली सगळी प्रेमं मी दोन दाढांच्या मधल्या वेळात केलेली आहेत. एकदा नायक-नायिका पहिल्यांदा जवळ आले आणि भिंतीपलीकडून कुणीतरी "आई गं" म्हणून ओरडलं. माझ्या मते कादंबरीतला तेवढाच प्रामाणिक उद्गार होता, पण तो परत घ्यावा लागला.

परत घेण्याची माझी आणि ताईची पद्धत सोपी आहे, मॅडमनी तिच्यात कधी लक्ष घातलेलं नाही. वाचताना चुकलं की मी टाळी वाजवतो आणि वाक्य पुन्हा वाचतो. पडद्यावर आवाजाची वळवळती रेघ दिसते, त्यात टाळीचा उभा सुळका येतो. ताई सुळका बघते आणि त्याच्या आधीचं वाक्य उडवते. ती ऐकत काही नाही. तिच्या कानात जुनी गाणी असतात.

"निदान एक तरी कादंबरी ऐक," मी तिला म्हणालो होतो.

"नको रे बाबा. मला संसार आहे. इतकं प्रेम कानावर पडलं तर घरी गेल्यावर तुझ्या भावोजींकडे बघवणार नाही."

तर मॅडमनी मला समोर बसवलं. मला आधीपासून एक छोटी कादंबरी वाचायची होती. मी तीनदा मागितली होती आणि तीनदा नाही ऐकलं होतं. लाँड्री चालवणाऱ्या एका नवरा-बायकोची गोष्ट. एक गिऱ्हाईक कोट टाकून जातं आणि परत येत नाही. बायको अधूनमधून तो कोट काढून पुन्हा इस्त्री करते. बस. लिहिणाऱ्या बाईंनी हे एक पुस्तक लिहिलं आणि गप्प बसल्या. आजकाल लेखकाकडून याहून जास्त काय मागावं? मी ती कादंबरी वाचली आणि दोन दिवस घरात कुणाशी टोमण्यात बोललो नाही. आईने ताप बघितला.

"यात होतं काय?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"कोट कुणी नेत नाही."

"आणि?"

"तेवढंच."

मॅडमनी उसासा टाकला. "बरं, ऐक. आपल्याला ती मोठी कादंबरी मिळाली आहे. गाजलेली आहे, जाडजूड आहे, लेखक स्वतः मागे लागलेत. ती तू मत न गळता वाच. एक तक्रार नको. मग वाच तुझा कोट. आणि तक्रार आली तर तुझं तू बघ. वाचण्यासाठी तोंड उघडायचं, बाकी बंद."

मी ती मोठी कादंबरी घरी नेली. पहिल्या प्रकरणात एक माणूस खिडकीपाशी उभा राहतो. दुसऱ्या प्रकरणात त्याला आपण उभे आहोत याची जाणीव होते. तिसऱ्यात आजोबा वारतात, पण सातव्यात पुन्हा वारतात, कारण पहिल्या वेळी त्यावर पुरेसं लिहून झालेलं नसतं. सगळ्यांमध्ये एक मौन आहे आणि ते मौन पानंच्या पानं बडबडतं. आणि एवढ्या ढिगाऱ्याखाली, खरं सांगायचं तर, बाप-लेकाची एक बरी गोष्ट होती. त्याचाच मला जास्त राग आला. वाईट पुस्तक सोडून देता येतं.

रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी लेखक स्वतः हजर. गळ्यात मफलर, खोलीत पंखा बंद, तरी मफलर. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले. मी आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट ठेवला आणि पहिला परिच्छेद वाचला. शेवटचं वाक्य होतं, 'खिडकीने त्याला पाहिलं आणि ती उघडी पडली.'

लेखकांनी टाळी वाजवली.

"सर," मी म्हणालो, "टाळी नका वाजवू."

"राहवलं नाही हो. स्वतःचं म्हणून नाही, पण वाक्य उतरलंय."

"तसं नाही सर, टाळी वाजली की ते वाक्य..."

डोक्यावरच्या स्पीकरमधून मॅडम गरजल्या, "काय ठरलं होतं? वाक्याबद्दल एक अक्षर नको!"

"मी वाक्याबद्दल नाही, टाळीबद्दल..."

"टाळीबद्दलही मत आहे का तुला? वाच!"

मी वाचलं. लेखकांनी वाजवली. तिसऱ्या प्रकरणात आजोबा वारले, तेव्हा तर त्यांनी उभं राहून वाजवली. जिथे जिथे त्यांना स्वतःचं फार आवडलं तिथे तिथे वाजली, आणि त्यांना स्वतःचं वरचेवर आवडत होतं.

दुपारी डबा खाताना मी ताईला गाठलं. "अगं, त्या टाळ्या माझ्या नाहीत. त्या खुशीच्या आहेत."

"सुळक्यावर नाव लिहिलेलं नसतं," ताई म्हणाली. "तुझ्या, त्यांच्या, खुशीच्या. मला सगळ्या सारख्याच."

"मग जरा ऐकून काप ना."

ताईने घास खाली ठेवला. "अख्खी? ऐकून?"

"हो."

"त्या जाड पुस्तकातली सगळी वाक्यं?"

आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो. भाऊ-बहिणीत असं मौन असतं, फक्त त्यावर कुणी प्रकरण लिहीत नाही.

"दिवट्या, मला पोरं आहेत रे," ती म्हणाली. "तू मॅडमना सांग."

मी मॅडमच्या टेबलापाशी गेलो. "मॅडम, त्या टाळ्यांचं..." एवढंच म्हणालो. त्यांनी मान वर न करता लाँड्रीची कादंबरी टेबलावरून उचलली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लोटला. मी आल्या पावली परत फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे उपयोगाचं मत होतं, आणि ते ऐकायला काळं कुत्रं तयार नव्हतं.

कादंबरी तयार झाली ती निम्मीच. मॅडमना वाटलं, मी भरभर वाचलं. लेखकांना वाटलं, चांगलं पुस्तक लवकर संपल्यासारखं वाटतंच. ती बाहेर पडली आणि मी रोज नखं खात तक्रारीची वाट बघू लागलो. रोमान्समधली नायिका ओठ का चावते ते मला तेव्हा थोडं कळलं.

तक्रार आली नाही. उलट लोक ऐकू लागले. संयत आहे म्हणाले. बाप-लेकाची गोष्ट काळजाला भिडली म्हणाले. खिडकीचा कुणी उल्लेख केला नाही, कारण खिडकी उरली नव्हती. मग एका सकाळी लेखक आले. हातात मफलर, म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

मॅडम, ताई आणि मी, तिघं बाहेरच्या खोलीत रांगेत उभे राहिलो.

"मी ऐकली," लेखक म्हणाले. "माझी सगळी आवडती वाक्यं गेली आहेत. खिडकी गेली. आजोबा एकदाच वारलेत. हे केलं कुणी?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी ताईकडे. शेवटी टाळीची पद्धत मीच सांगितली, सुळक्यासकट. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. लेखक स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. मग मटकन स्टुलावर बसले. "पण गंमत अशी की माझ्या बायकोने ती पूर्ण ऐकली. छापलेली इतकी वर्षं तिच्या उशाशी आहे. खूण तिसऱ्या प्रकरणातून हललेली नाही. परवा ऐकून झाली आणि ती माझ्याशी बराच वेळ बोलत बसली. माझ्या वडिलांबद्दल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू सगळी वाचली आहेस, निम्मी नव्हे. खरं सांग, कशी आहे?"

मॅडम टेबलाकडे सरकल्या होत्या, त्यांनी लेखकांच्या पाठीमागून नकाराची मान जोरजोरात हलवली. त्यांचा हात ड्रॉवरवर होता. कोट आत होता. 'छान आहे सर' म्हणालो असतो तर ड्रॉवर उघडला असता.

"गोष्ट चांगली आहे सर," मी म्हणालो. "पण तुम्हाला ती फार आवडते. ती दुसऱ्या कुणाला आवडायला जागाच उरत नाही."

ताई पुटपुटली, "गेली नोकरी."

पलीकडे यंत्र सुरू झालं, कुणाची तरी दाढ कोरून झाली, यंत्र थांबलं. "तुला आवडतं असं काही आहे का?" लेखकांनी चिडून विचारलं. मी ड्रॉवरकडे बोट दाखवलं. त्यांनी पुस्तक घेतलं, माझा निरोप न घेता गेले.

आठवड्याने परत आले. पुस्तक मॅडमच्या टेबलावर आपटलं.

"यात काहीच होत नाही," लेखक म्हणाले.

"मी हेच म्हणत होते," मॅडम म्हणाल्या.

"दोनदा वाचलं. अजून डोक्यातून कोट जात नाही. वैताग आलाय नुसता. याला वाचू द्या. आणि मी शेजारी बसणार."

"हात खिशात ठेवून," ताई म्हणाली.

असा मी शेवटी कोट वाचायला बसलो. लेखक दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसले होते. काचेपलीकडे ताईने गाणी बंद केली होती, का ते तिने सांगितलं नाही. वाचत वाचत मी त्या जागी आलो जिथे बायको कोटाच्या खिशात हात घालते, खिसा रिकामा आहे हे तिला माहीत असतं, तरी घालते. आणि माझा आवाज हलला.

स्पीकरमधून मॅडम म्हणाल्या, "मत ऐकू आलं. पुन्हा घे."

मी टाळी वाजवली. पुन्हा घेतलं. पुन्हा हलला. पुन्हा टाळी. शेजारी लेखक जागच्या जागी झुलत होते, काचेपलीकडे ताई पदराने नाक पुसत सुळके मोजत होती. एकदा, एकदाच, ते वाक्य मला अगदी सपाट, कोरडं, जसं हवं तसं मिळालं. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे कुणीतरी "आई गं" म्हणून ओरडलं.

मी टाळीसाठी हात वर केले. ताईने काचेवर टकटक केली आणि मानेनेच नाही म्हटलं. "राहू दे," ती स्पीकरमधून म्हणाली. "हे मी नाही कापणार."