दोन बोटं मिटून

भिंगरीने त्याची दोन्ही मनगटं धरली आणि त्याचे हात खाली दाबले.

तो मघापासून हातवारे करत होता. आई. झोप. नाही. डॉक्टर. पुन्हा आई. दवाखान्याच्या त्या लांब पॅसेजमध्ये बाकांवर बसलेली माणसं त्याच्याकडे बघत होती आणि त्याला घाम फुटला होता. भिंगरी, त्याची मुलगी, नऊ वर्षांची, जन्मापासून बहिरी. तिच्याशी काही लांबलचक बोलायचं असलं तर ते बायको बोलायची. ती खुणांची भाषा रीतसर शिकली होती. त्याच्याकडे होते ते रोजचे शब्द. जेव, चल, थांब, स्वेटर, शाबास. आत्ता जे सांगायचं होतं त्याचा शब्द त्याला कोणी शिकवलाच नव्हता.

मुलीने त्याची मनगटं सोडली, दार ढकललं आणि ती आत गेली. त्याने तिला अडवलं नाही. दाराच्या काचेतून त्याला दिसलं, तिने आईच्या छातीवर तळवा ठेवला. आई हसायची तेव्हा ते हसू ती तिथे हात ठेवून ऐकायची. बराच वेळ तळवा तसाच होता. मग ती बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने एक खूण केली. ती त्याने कधी पाहिली नव्हती, तरी कळली. त्याने ती करून पाहिली. मुलीने मान हलवली, त्याचा अंगठा धरून सरळ केला आणि पुन्हा करायला लावली. दुसऱ्यांदा बरोबर आली. तेव्हा कुठे तिने त्याच्या पोटात डोकं खुपसलं.

त्यानंतर त्याला शिकवायचं काम तिनेच अंगावर घेतलं.

मास्तरीण कडक होती. चुकलं की हातावर चापट मारायची, बरोबर आलं तरी सहजासहजी शाबासकी द्यायची नाही. त्यात त्याच्या उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. ऐन विशीत करवतीच्या मशीनने ती नेली होती. सुतारकामात त्यावाचून त्याचं कधी अडलं नाही, पण बोलताना पावलोपावली अडायला लागलं. डाव्या हाताने बोलून पाहिलं, तर डावा हात बोबडा निघाला. शेवटी होती तेवढ्या बोटांनी तो बोलायला लागला. घराखालच्या त्याच्या कारखान्यात सरावही करायचा. गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहायचं आणि हा एका नव्या कपाटाला समजावत असायचा, की पावसाची चिन्हं आहेत, छत्री घेऊन जा.

सासूबाई काही दिवसांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. लेक गेल्यावर त्या घरी एकट्याच होत्या. त्याही शिकल्या.

"बरी आहे ही भाषा, जावईबापू," त्या म्हणायच्या. "भांडायला दात लावावे लागत नाहीत."

हातात काही असलं की बोलता येत नाही, हे घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आधी हातातलं खाली ठेवायचं, मग बोलायचं. त्यामुळे कामं रखडायची. वाद रंगला की दूध हमखास उतू जायचं. आणि वादात हरायला लागली की भिंगरी डोळे घट्ट मिटून घ्यायची. मग कोण काय बोलणार? तो तिच्या पापण्यांवर फुंकर मारायचा. आधी एक पापणी थरथरायची, मग दुसरी, आणि मग ती मोठ्यांदा, कशीही, छप्पर उडेल अशी हसायची. आपलं हसू केवढं मोठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. शेजाऱ्यांना चांगलंच ठाऊक होतं.

एका सकाळी बालकल्याण कार्यालयातल्या अधिकारीबाई आल्या. मुलगी सहा वर्षांची असताना या घरात आली होती, पण दत्तक अजून पूर्ण झालं नव्हतं. शेवटचा हुकूम कोर्टातून यायचा होता आणि तोवर कार्यालयाची देखरेख होती. बाईंबरोबर या वेळी एक तरुण दुभाषी होती. ती मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली. अधिकारीबाई बाहेर थांबल्या. त्याने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला, उजवा हात खिशात घालून. परक्यांसमोर तो हात आपोआप खिशात जायचा.

"मागच्या वेळीही तुम्ही खुर्च्याच आणून ठेवल्या होत्या," बाई म्हणाल्या. "बोलल्या सगळं तुमच्या पत्नी."

"ती बोलायची, त्यामुळे माझं भागायचं."

बाई किंचित हसल्या. मग फाइल मांडीवर आडवी धरून म्हणाल्या, "तुमच्यापासून काही लपवत नाही. एक जोडपं आहे. दोघंही कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवतात. खुणांची भाषा त्यांना तुमच्या-माझ्या बोलण्यासारखी येते. त्यांना मुलगी हवी आहे. आता इथे आई नाही, म्हणून मला पुन्हा विचार करावा लागतोय. मुलीशी घरात कोण बोलतं, एवढंच मला बघायचं आहे."

"चांगली माणसं आहेत?"

"फार चांगली."

वाईट असती तर त्याला सोपं गेलं असतं. जाताना दार नीट लावून घेऊन तो खाली कारखान्यात गेला आणि आधीच रंधा मारलेल्या फळीला पुन्हा रंधा मारत बसला.

वर बोलावलं तेव्हा दुभाषी अधिकारीबाईंच्या शेजारी बसली होती. भिंगरी खिडकीच्या कट्ट्यावर पाय हलवत होती. तिने त्याला डोळा मारला. नुकतीच शिकली होती.

"मुलगी हुशार आहे," दुभाषी म्हणाली, "आणि बडबडी तर विचारू नका. पण भाषा बिघडली आहे तिची. सुरुवातीला निम्मं मला कळेचना. ही दोन बोटं ती सारखी मिटून ठेवते. प्रत्येक शब्दात. गंमत म्हणजे तिला उघडता येतात. आईबद्दल विचारलं, तर 'आई' म्हणताना पाचही बोटं उघडली. तेवढा एकच शब्द स्वच्छ. बाकी सगळं असं, अर्धवट. हे असंच चाललं तर बाहेर तिचं कोणाला कळायचं नाही."

अधिकारीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "शिकवताना कुठे काही चुकलं का?"

त्याला लगेच समजलं. त्याने खिशातला हात आणखी आत ढकलला. एवढे महिने तो खूश होता, आपण बोलतो म्हणून. आणि पोर आपलं व्यंगच उचलत होती. त्याला कपाटांची आठवण झाली. एका दाराचं माप चुकलं आणि तोच नमुना धरून पुढची कापली, की सगळीच चुकतात.

"तिकडे," तो म्हणाला, "त्या दोघांकडे... तिची बोटं सरळ होतील?"

"म्हणजे?" अधिकारीबाईंनी विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाईंनी पाय आपटला. लाकडी जमीन हादरली की भिंगरी मान वळवायची; घरात हाक मारायची तीच रीत होती. सासूबाईंनी चहाचा ट्रे त्याच्या पुढ्यात धरला. तो घ्यायला दोन्ही हात लागले. मग मोकळ्या झालेल्या हाताने त्यांनी दुभाषीला, खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला, खुणेनेच विचारलं, साखर किती? तिला ऐकू येतं हे त्या विसरल्या होत्या.

दुभाषी उत्तर द्यायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

पण भिंगरीने संधी साधली. कट्ट्यावरून उडी मारून ती मधोमध आली आणि तिचे हात सुरू झाले.

"आजीकडे साखर मागू नका, हिच्याकडूनच काढून घ्या. डॉक्टर नको म्हणाले. ही डब्यात बोट घालते."

"चहाडखोर," सासूबाईंच्या हातांनी उत्तर दिलं. "तू परवा केस धुतले म्हणालीस. नुसता नळ सोडलास."

"हिचे दात रात्री ग्लासात बसून हसतात. गोड खाल्लेलं असतं म्हणून."

"माझे निदान ग्लासात तरी असतात. तुझा एक पडला तो कुठे हरवलास?"

दुभाषी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. आता काही उलगडायला तिला वेळ लागत नव्हता. तो मात्र गडबडला. पाहुण्यांसमोर हे, आणि तेही आजच. थांबवायलाच हवं होतं आणि हातात ट्रे होता. त्याने तो समोरच्या पहिल्या सपाट जागेवर ठेवून दिला. ती जागा म्हणजे अधिकारीबाईंच्या मांडीवरची फाइल.

"गप्प! दोघीही!" त्याचे हात म्हणाले. "पाहुणे आलेत. तू केस धू. आणि तुम्ही डब्याला हात लावू नका."

भिंगरीने डोळे घट्ट मिटून घेतले.

"हे बघा, ही रडी खेळते," सासूबाई आता तोंडाने म्हणाल्या.

तो गुडघ्यावर बसला आणि त्याने फुंकर मारली. एक पापणी थरथरली. मग दुसरी. आणि ते हसू सुटलं. पेले किणकिणल्यासारखे वाटले. दुभाषीलाही हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला, उपयोग झाला नाही. सासूबाई हसायला लागल्या तेव्हा दात सांभाळत हसल्या.

"मला कोणी सांगेल का, काय चाललंय ते?" अधिकारीबाई म्हणाल्या. ट्रेमुळे त्यांना हलता येत नव्हतं.

दुभाषीने डोळे पुसले. "आजी, तुमची बोटं दाखवा."

सासूबाईंनी दोन्ही हात पुढे केले. दहाही बोटं जागच्या जागी होती.

"मग बोलताना ही दोन का मिटता?"

सासूबाईंनी आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच कोणी आणून दिला होता. "मिटते का? काय की. आम्ही घरात असंच बोलतो, बाई. कोपऱ्यावरचा वाणीही असंच बोलतो तिच्याशी."

दुभाषी त्याच्याकडे वळली. त्याचा उजवा हात अजून मुलीच्या खांद्यावर होता आणि आता तो खिशात घालण्यात अर्थ नव्हता. तिने तो बघितला. काही विचारलं नाही. अधिकारीबाईंच्या मांडीवरचा एक कप उचलून तिने घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि मग आपल्या उजव्या हाताची दोन बोटं मिटून भिंगरीला म्हणाली, "चहा छान."

भिंगरीने मान डोलावली. यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

"मघाचं खोडा," दुभाषी अधिकारीबाईंना म्हणाली. "चुकलं माझं. माझे आईवडील दोघंही बहिरे. आमच्या घरीही अशीच एक बोली होती, बाहेरच्याला ओ की ठो कळायचं नाही. मला आधीच ओळखायला हवं होतं. शाळेची भाषा शाळेत येईल तिला, बोटं कुठे गेली नाहीत तिची. पण ही बोली आहे, बाई. आणि बोली काही एकट्या माणसाची होत नाही."

अधिकारीबाईंनी मुलीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, मग त्या हाताकडे.

"आधी हा ट्रे उचला," त्या म्हणाल्या. "मला लिहायचं आहे."

जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्या थांबल्या. "मुलीने इथेच राहावं, अशी शिफारस करते. ठरवणार कोर्ट. पण माझं म्हणणं मी स्पष्ट लिहीन."

त्याने दोन्ही हात जोडले. मग म्हणाला, "ते दोघं. त्यांना म्हणावं, सुट्टीच्या दिवशी येत जा इकडे. तिच्याशी बोलायला. माझीही उजळणी होईल."

"सांगते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला चापटा बसतील हं. ती दोघंही मास्तर आहेत."

"सवय आहे."

तो वर आला तेव्हा भिंगरी दारातच उभी होती.

"त्या कशाला आल्या होत्या?"

त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. तो उंबऱ्यावर बसला, म्हणजे हात तिच्या डोळ्यांसमोर आले.

"तू. इथे. राहणार. मी, आजी, तू. कागद."

"मी इथेच राहते," ती म्हणाली. वेड्याला सांगावं तशी.

"हो. पण कागदावर. माझी मुलगी."

"मुलगीच आहे."

"आहे. पण..." त्याचे हात हवेत थांबले. बायकोला तो शब्द नक्की येत असणार. त्याने विचारायचं कधी मनावर घेतलं नव्हतं. त्याने एक हात पुढे केला, मागे घेतला, छातीशी नेला. काहीतरी वेगळंच झालं. भिंगरीने ते नीट पाहिलं आणि हसू दाबलं.

"हे काय? पाव घेतलास?"

"नाही."

"मग उद्या करू. आता भूक."

ती स्वयंपाकघराकडे पळाली. आत सासूबाईंनी घाईने डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

कोर्टाची तारीख यायची होती, आणि 'दत्तक' या शब्दाची खूण त्या घरात अजून करायची राहिली होती.