गाडीमागचा दिवा

विष्णुपंत गेले ते मांजर्लीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, हायड्रोजनवर चालवलेल्या आपल्या फियाटमागे. छातीत कळ आली आणि तिथेच बसले. साल त्र्याण्णव. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झाल्यापासून हाच एक ध्यास होता. नळ्यांचे जोड उल्हासनगरातून करून आणत. सिलिंडरने डिकी भरली, तरी गाडी जेमतेम अंबरनाथ गाठायची.

"आणि येताना?" त्यांची मुलगी वृंदा विचारायची.

"येताना ढकलायला तू आहेस की, शंकेखोर बाई! पण मागून धूर नाही बघ. नुसतं पाणी."

"गॅस गळला तर? वास नाही, रंग नाही."

"म्हणून तर जोडावर साबणाचा फेस लावून बघायचा. फुगला, की गळतंय."

प्राण गेला तिथे दिवा ठेवायचा, खाली पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची, आणि सकाळी पिठात कुणाचं पाऊल उमटलं ते बघायचं. आई यावर हटूनच बसली. वृंदा नको म्हणाली.

"सिलिंडर मी स्वतः बंद केलाय," कमळाकरकाका म्हणाले. "बापाचा दिवा अडवतेस?"

संध्याकाळी काकांनी दिवा लावला आणि शेडचं दार ओढून घेतलं.

सकाळी वृंदा आणि काका शेडमध्ये गेले. काकांनी टोपली उचलली. दिवा विझलेला, तेल तसंच.

"वाऱ्यानं गेला असेल," म्हणत त्यांनी काडेपेटी काढली.

दार बंद, वर टोपली. वारा कुठला? वृंदाने त्यांचा हात धरला. "काका, थांबा."

बाबांच्या मगात साबण घोळून तिने सिलिंडरच्या जोडावर फेस लावला. फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला. काका काडेपेटी मुठीत आवळून मागे मागे सरकत बाहेर गेले.

मग तिने पिठाकडे पाहिलं. पाऊल नव्हतं. पाण्याचे थेंब होते, टपोरे, गाडीच्या बाजूने थेट दिव्यापर्यंत. वात चिंब भिजलेली. टोपली मात्र कोरडी, भोवतालची जमीनही कोरडी. गाडीची बॅटरी महिनाभरापूर्वीच काढून ठेवलेली. तिने सायलेन्सरच्या नळीवर हात ठेवला.

नळी गरम होती.

तिने दार सताड उघडलं आणि दिवा घेऊन घरात आली.

"पाऊल कुणाचं?" आईने विचारलं.

"पाऊल नाही, आई. दिवा इथेच लावू. बाबांना तो तिथे नको होता."

आई नवी वात वळायला बसली. वृंदाचा तळहात अजून ऊन होता.