किल्ल्या पळवलेल्या कोर्टाचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. तुमच्या कोठीघराचं नव्हे हो, न्यायालयाचं! लायबेरियातलं युद्ध संपलं आणि लांबच्या एका देशानं आमच्या गावाला कोर्ट आणि पोलीस ठाणं बांधून दिलं. त्यांच्याच जहाजातून मी आलो.

उद्घाटनाला ढोल वाजले, भाषणं झाली. माझ्या दोन किल्ल्यांना लाल फिती बांधल्या होत्या. एक परदेशी पाहुण्यांना दिली, दुसरी मंत्र्यांना. दोघांनी फोटो काढले आणि आठवण म्हणून आपापली किल्ली खिशात घालून चालते झाले. मागाहून शिपायानं दार ओढून मला दाबून लावलं. झालं!

पूर्वी खटले चौकातल्या गवती छपराखाली चालायचे. आता न्यायाधीश म्हणाले, खटला चालेल तो नव्या इमारतीतच, मदत देणाऱ्यांची तशी अट आहे. मला तोडावं, तर मी पडलो देणगीतला! त्याला वरून परवानगी हवी, आणि ती काही येईना.

इकडे ठाण्याच्या कोठडीत नोवाईचा मुलगा फ्लोमो बकरी चोरल्याच्या आळावरून खितपत पडला होता. अंगात ताप. नोवाई रोज त्याला भात आणि कसावाच्या पाल्याचं कालवण आणायची.

"साकी, एकदा त्याला न्यायाधीशांपुढे उभा तरी कर रे," ती हवालदाराला म्हणायची.

"मा, दार बंद आहे ना."

"मग उघड की मेल्या!"

"एक किल्ली मंत्र्यांच्या खिशात, दुसरी समुद्रापार. पोहत जाऊन आणू?"

साकी हसायचा. मला मात्र स्वतःची लाज वाटायची.

एका सकाळी नोवाई भात कांडायचं मुसळ घेऊन आली. दोन-चार घावांत मी तुटलो. खरं सांगतो, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

"उघडलं! आता आणा माझ्या पोराला!"

आणल्या त्या बेड्या, तिच्यासाठी! महिनोन्महिने जागचं न हललेलं ठाणं तिला पकडायला कसं धावलं! दुसऱ्याच दिवशी खटला उभा राहिला, देणगीच्या मालाची नासधूस केल्याचा. नव्या कोर्टातला हा पहिला खटला, आणि टेबलावर पुरावा म्हणून मी.

"साहेब, दार उघडलंच आहे, तर फ्लोमोलाही बोलवा," ती म्हणाली.

"आज एवढंच काम आहे," न्यायाधीश म्हणाले आणि तिला तुरुंगवास सुनावून उठले.

आता मायलेक दोघंही गजाआड. भात आणायला बाहेर कुणी उरलं नाही. आणि नवं कुलूप म्हणे जहाजावर चढलंसुद्धा!

अरे, फुटलो तो मी ना? मग मला विचारलंत का कुणी? ऐका तर, त्या बाईविरुद्ध माझी काहीएक तक्रार नाही. सोडा तिला!