उणे अठराचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे, आणि मनात डूख धरून बसणारा आहे. हे आधीच सांगितलेले बरे. फाटक्या छत्रीने, मोडक्या बाकाने आपापली आत्मवृत्ते तुम्हाला सांगितली असतील. ती बिचारी शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळी होतात. मी करत नाही.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात वसंतरावांचा गोठवलेल्या मोदकांचा कारखाना आहे. तिथल्या शीतगृहात, दाराच्या वर, काडेपेटीएवढा मी चिकटलेलो आहे. आतले तापमान मोजायचे आणि मोबाइलच्या टॉवरमार्फत ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळवायचे, एवढेच माझे काम. शीतगृह उणे अठरा अंशांवर असावे लागते. सारे आयुष्य उणे मोजण्यात गेल्यामुळे लोकांचे उणेदुणे काढायची सवयही मला लागली.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. प्रत्येक आकडा पाठवण्याआधी मी त्याला कुलूप लावत असे, म्हणजे वाटेत कुणाला तो वाचता येऊ नये आणि बदलताही येऊ नये, असा त्याचा गुंता करत असे. तेव्हा माझा लाल दिवा लुकलुके आणि वसंतराव तो पाहुण्यांना दाखवत. पण आकडा मोजायला बॅटरीतले चिमूटभर बळ लागे, आणि कुलूप लावायला मूठभर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्यात थंडीने बॅटरी आधीच अर्धमेली. जून आला की बॅटरी संपे आणि मी गप्प.

सुपरवायझर सुजीतला हे बरोबर ठाऊक होते. मी गप्प झालो की तो नवी बॅटरी मागवायला विसरे, मला 'बॅटरीखाऊ डबडं' म्हणे आणि वहीत रोज स्वतःच्या हाताने 'उणे अठरा' लिहून ठेवी. मग दुपारी दार सताड उघडे टाकून आपल्या दोस्ताच्या मासळीची गरम खोकी आत घेई. मोदक सैल पडत, पुन्हा गोठत आणि त्यांची पारी तडके.

गेल्या वर्षी गणपतीत दुबईच्या करामा भागातल्या दुकानांतून तडकलेले मोदक परत आले. ठपका आला सुलक्षणाताईंवर. त्या रत्नागिरीच्या. उकड काढण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही.

"ताई, उकड कच्ची राहिली तुमची," सुजीत सर्वांसमोर म्हणाला. "फ्रीजर एकदम परफेक्ट आहे. रजिस्टर चेक करा ना, सर."

वसंतरावांनी वही पाहिली आणि ताईंना तंबी दिली: पुन्हा असे झाले तर व्हिसा रद्द, परत गावी. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. माझ्यात एक शब्द पाठवण्याचेही बळ नव्हते. त्या दिवशी मी डूख धरला.

या मार्चमध्ये फैज नावाचा इंजिनिअर आला. त्याने मला नवी बॅटरी घातली आणि कुलूप लावायचे काम माझ्याकडून काढून टेलिफोन कंपनीच्या नेटवर्ककडे सोपवले. माझा दिवाही बंद केला. मला तो अपमान वाटला.

"इसका लॉक निकाल दिया, लाइट भी बंद," फैज सुजीतला म्हणाला.

सुजीतने मला टिचकी मारली. "खलास! गेलं एकदाचं डबडं."

मी गेलो नव्हतो, मित्रांनो. ओझे उतरल्यावर मला कळले, माझ्या अंगात किती दम आहे. जून गेला, जुलै गेला, मी बोलतच होतो. मासळीची पहिली खोकी आली तेव्हा मी 'उणे नऊ' कळवले. मग 'उणे दोन'. मग 'अधिक चार'. ऑफिसात कुणी पाहत नव्हते, कारण दर उन्हाळ्यात तिथे कोरेच पान असे. ताईंचे मोदक माझ्या डोळ्यांदेखत तडकत होते आणि मी मनात म्हणत होतो, अजून एक दुपार होऊ दे. चांगल्या मुलांनी असा आनंद घेऊ नये. मी घेतला.

ऑगस्टअखेर मोदक पुन्हा परत आले. शीतगृहाच्या दारातच सगळे जमले.

"ताई, आता माझा नाइलाज आहे," वसंतराव म्हणाले.

"जाते मी. पण आधी त्या फैजला बोलवा," ताई म्हणाल्या. "मार्चमध्ये त्यानंच या डबीला हात लावला होता. ही बंद आहे की चालू, ते त्याला सांगू दे."

फैज आला. त्याने लॅपटॉप उघडला. "बंद? ये तो रोज बोल रहा है, सर. बॅटरी अभी भी नाइंटी परसेंट."

सुजीत पांढराफटक पडला, पण गडी बिलंदर. "सर, याचं लॉक काढलंय ना? मग फिगर्स कुणीही चेंज केले असतील!"

"लॉक निकला नहीं, हबीबी, जगह बदली है," फैज म्हणाला. "सिम से टॉवर तक रास्ते पर पहले से ताला रहता है. आगे का ताला नेटवर्क लगाता है. चाबी ना इसके पास, ना मेरे पास."

वसंतरावांनी लॅपटॉप सुजीतच्या हातात दिला. "वाच. मोठ्यानं."

तो वाचू लागला. उणे अठरा. उणे अठरा. उणे नऊ. माझा एकेक शब्द त्याच्याच तोंडून बाहेर पडत होता. एक ओळ त्याने गाळली. ताई त्याच्या मागेच उभ्या होत्या.

"परत वाचा. मधली एक राहिली."

"अधिक चार," तो पुटपुटला.

त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. मला दया आली का? नाही.

वसंतराव ताईंकडे वळले. "चुकलं माझं, ताई."

"ते राहू द्या. उकड चांगली होती म्हणा."

"उकड चांगली होती."

"गेल्या वर्षीचीसुद्धा."

वसंतरावांनी तेही म्हटले, सगळ्या कामगारांसमोर, मान खाली घालून.

मित्रांनो, लहानांच्या अंगावर मोठ्यांची कामे लादू नका, आणि आमच्या बॅटऱ्या वेळेवर बदला. पण त्याहून महत्त्वाचे सांगतो. कुणी गप्प आहे म्हणून त्याच्या नावावर आपल्या मनाचे काही लिहू नका. तो कधीतरी बोलेल, आणि ते मोठ्याने वाचायला तुम्हालाच उभे करतील.