वनाने वाटलेल्या गोळ्या

माझा धाकटा भाऊ वना कुठलीही वस्तू एकटा खाईल तर शपथ! आम्ही पिंप्राळ्याची मंडळी बसने बद्रीनाथला निघालो होतो. जिनिंग मिलमधल्या कापसाच्या धुळीने वनाची फुप्फुसं केव्हाच खराब झालीत. उंचावर त्याला त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, चढायच्या आदल्या दिवसापासून घ्यायच्या. ऋषिकेश सोडलं आणि बघते तर काय, हा केळीच्या वेफर्ससोबत गोळ्याही वाटून मोकळा!

"अक्का, बठ्ठ्यांनाच वर जायचंय ना, मला एकट्यालाच थोडं?" म्हणे.

त्या गोळ्यांनी लघवी फार होते. दर वळणावर कोणी ना कोणी बस थांबवायला लागलं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते आधी माझ्यावरच ओरडले. मग म्हणाले, "गोळ्या नसतील तर वनाभाऊंना वर नेऊ नका." वनाचं तोंड एवढंसं झालं.

पुढच्या गावात मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून नवं पाकीट घेतलं, पदरात बांधलं आणि त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या धरला.

"तू येडा शे, वना! वेफर्स वाट, माझे लाडूही वाट. गोळी मात्र माझ्यासमोर गिळायची, आणि तोंड उघडून दाखवायचं!"