मनगटावरचं नाव

प्रज्वलने आईच्या मनगटावर नाडी मोजणारा पट्टा बांधला आणि त्या दिवसापासून निघोज्यातल्या त्या घराची झोप उडाली. मंजुळाबाईंना चक्कर आली होती ती एकदाच. डॉक्टरांनी सगळं तपासून घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं होतं. पण लेकाचा डॉक्टरांपेक्षा पट्ट्यावर भरवसा जास्त, त्याला कोण समजावणार?

पट्टा तर वाट्टेल ते बोलायचा. मंजुळाबाई भाकऱ्या थापत बसल्या की म्हणायचा, बाई चालतायत. त्या चालवत असलेल्या मेसच्या पोरांचे डबे दोन्ही हातांत घट्ट धरून जिने चढल्या की म्हणायचा, बाई बसल्यायत. कॅलरी जळाल्या त्या चिमूटभर बडीशेपेच्या. तेवढं हसण्यावारी नेता आलं असतं. पण नाडी मधेच धावायची, मधेच रांगायची, कधी आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा. मोबाइलवर त्या रेघा दिसल्या की प्रज्वल शिफ्ट अर्धवट टाकून घरी पळत यायचा.

शेवटी तो म्हणाला, "आई, रविवारपासून मेस बंद."

नवरा गेला तेव्हा ह्याच मेसने मंजुळाबाईंना सकाळी अंथरुणातून उठवलं होतं.

"मेस बंद व्हणार न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "आधी ह्या पट्ट्याचं खोटं पकडते, मग बोल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा सुनेच्या, निशिगंधाच्या मनगटावर चढवला. आकडा गुणी बाळासारखा स्थिर. पुन्हा स्वतःच्या हातावर बांधला, पुन्हा रेघा. दिवसभर दोघींचा हाच उद्योग. त्या नादात भाजी करपली, तरी मंजुळाबाई हटल्या नाहीत. संध्याकाळी पट्टा सोडताना त्याच्या पाठचा हिरवा दिवा लुकलुकला आणि निशिगंधा थबकली.

"आत्या, हा उजेड कातडीतून आत जाऊन नाडी बघतो. तुमचं तर इथं गोंदण आहे, गच्च हिरवं."

तिने पट्टा चार बोटं वर, कोऱ्या कातडीवर बांधला. आकडा आला, आणि आला तो टिकला.

प्रज्वल घरी आला तसा मंजुळाबाईंनी त्याला सोबत घेतलं. डबे घेऊन जिने चढल्या, उतरल्या. नाडी वाढली आणि जरा टेकल्यावर निवली. तो सगळा वेळ मोबाइलकडेच बघत होता.

"मग इतके दिवस त्या रेघा कशाच्या होत्या?"

मंजुळाबाईंनी मनगट त्याच्यापुढे धरलं. लग्नात गोंदलेली अक्षरं आता पसरली होती, तरी वाचता येत होती. बबन.

"तू पट्टा तुझ्या बापाच्या नावावर बांधला व्हतास," त्या म्हणाल्या. "तिथं आता नाडी कुठनं घावायची?"

प्रज्वलला रडू आलं. त्याने ते मनगट दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

रविवारी मेस उघडी होती.